सात दिवसांच्या एफडीपीतून ऑनलाइन कोर्स उभा राहत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या ठिकाणचं कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालय, चाळीसेक प्राध्यापक, त्यातले बरेचसे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. ऑनलाइन कोर्स तयार करणं आणि तो शिकवणं या दोन्हींचं प्रशिक्षण त्यांना द्यायचंय. आयक्यूएसीने, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाने, सात दिवसांची एफडीपी, म्हणजे प्राध्यापकांची प्रशिक्षण कार्यशाळा, सुचवली आहे. त्यात रोज काय ठेवावं, कोणतं सॉफ्टवेअर शिकवावं, आणि व्यवस्थापन पैसे द्यायला तयार आहे तर स्टुडिओ उभारावा का, हे तुम्ही विचारलंय.

स्टुडिओचं आधी मिटवून टाकू. नको. हिरवा पडदा, दोन कॅमेरे आणि एसी बसवलेली खोली तयार झाली की तिचं उद्घाटन होतं, पहिल्या महिन्यात चार-पाच जण हौसेने रेकॉर्डिंग करतात आणि मग किल्ली कोणाकडे आहे हेच कोणाला ठाऊक नसतं. ज्या बाईंना रात्री पोरं झोपल्यावर घरी बसून सात मिनिटांचं रेकॉर्डिंग करायचंय, त्यांना त्या खोलीचा काय उपयोग? एक बरा कॉलर माईक आणि मोबाइल धरायला स्टँड, एवढं दोन-दोन प्राध्यापकांच्या प्रत्येक जोडीला द्या. चित्र थोडं अंधुक असलं तरी विद्यार्थी बघतो. आवाज फाटला किंवा मागे पंखा घरघरत असला तर अर्ध्या मिनिटात बंद करतो. उरलेल्या पैशांचं काय करायचं ते पुढे येईलच.

आता एफडीपी. पहिल्या दिवशी दीपप्रज्वलन आणि प्रास्ताविक, मग रोज दोन वक्ते, प्रत्येकाची साठ स्लाइडची पीपीटी, ‘आयसीटी टूल्स’ या नावाखाली वीस-पंचवीस वेबसाइटांची यादी, शेवटी गुगल फॉर्म भरला की प्रमाणपत्र. लेक्चर म्हणजे शिकवणं नव्हे, हे सात दिवस लेक्चर देऊनच सांगितलं जातं. आठव्या दिवशी प्राध्यापक वर्गावर जातात आणि सगळं होतं तसंच चालू राहतं. कॅससाठी, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी, प्रमाणपत्र लागतं, त्यात लाजायचं काही कारण नाही. पण ती गरज वेगळी आहे. त्यासाठी लोकांना मालवीय मिशन या केंद्र सरकारच्या शिक्षक-प्रशिक्षण योजनेच्या केंद्रांवर पाठवा. पूर्वीची अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं, मग झालेली एचआरडीसी (मनुष्यबळ विकास केंद्रं), तीच 5 सप्टेंबर 2023 पासून या मिशनखाली आली आहेत. कॉलेजच्या स्वतःच्या प्रशिक्षणातून मात्र प्रमाणपत्राऐवजी वस्तू बाहेर पडली पाहिजे: चालवून पाहिलेलं एक युनिट.

म्हणून मी सुचवेन ते असं. चाळीसच्या चाळीस जणांना बसवू नका. बारा-चौदा जण घ्या, एका विषयाचे दोन-दोन, म्हणजे सहा-सात जोड्या. सहा आठवडे. सुरुवातीला एक आणि मध्ये एक अशा दोन प्रत्यक्ष बैठका, बाकी सगळं प्रशिक्षण मूडल या ऑनलाइन कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे ज्या जागी त्यांना पुढे शिकवायचंय तिथेच. प्रत्येक जोडीने एकच युनिट तयार करायचं, अख्खा कोर्स नाही. आणि ते युनिट त्याच सत्रात खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं. ही शेवटची अट कितीही विनवण्या झाल्या तरी सोडू नका.

पहिला आठवडा प्राध्यापकांनी निव्वळ विद्यार्थी म्हणून घालवायचा. वीस वर्षं वर्गात टेबलाच्या पलीकडून उभं राहिलेल्या माणसाला ऑनलाइन विद्यार्थ्याचं एकटेपण व्याख्यानातून कळत नाही. त्यामुळे मूडलवर त्यांच्यासाठी एक आठवड्याचा कोर्स लावा आणि त्यात मुद्दाम एक पाऊण तासाचं सलग रेकॉर्डिंग ठेवा, मध्ये एकही प्रश्न नसलेलं. एक सूचना अशी लिहा की नेमकं काय करून कुठे टाकायचंय ते कळूच नये. चर्चेच्या फोरमवर आलेल्या पहिल्या दोन प्रश्नांना तीन दिवस उत्तर देऊ नका. आठवडा संपला की हे जाणूनबुजून केलं होतं असं सांगा आणि प्रत्येकाला लिहायला लावा: मी कुठे थांबलो, कुठे चिडलो, कुठे ‘नंतर बघू’ म्हटलं. लॉगमध्ये कोणी काय उघडलं, कधी उघडलं, सगळं दिसतं. पण नावं घेऊन ते चारचौघांत दाखवू नका. वरिष्ठ माणूस एकदा दुखावला की सहा आठवडे हाताची घडी घालून बसतो. यापुढे ‘आजकालची पोरं बघतच नाहीत’ हे वाक्य बैठकीत फारसं ऐकू येत नाही, कारण आपणही पाहिलं नव्हतं हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

ज्यांना आणखी खोलात जायचंय त्यांनी आपल्या विषयाबाहेरचा एखादा एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन व्यासपीठावरचा, कोर्स घ्यावा. दर आठवड्याची असाइनमेंट ठरलेल्या वेळेत द्यायची, तिला पंचवीस टक्के वजन, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला पंच्याहत्तर. मराठीच्या प्राध्यापकाने सांख्यिकीचा कोर्स चार आठवडे केला तर विद्यार्थी होणं म्हणजे काय ते त्याला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

दुसऱ्या आठवड्यापासून खरं काम. त्याचा नमुना म्हणून वाणिज्यचं एक युनिट घेऊ: घसारा, म्हणजे वापरामुळे वस्तूची किंमत दरवर्षी घटते ती. अभ्यासक्रमात एक ओळ असते: अर्थ, कारणं, पद्धती, उदाहरणं. जोडीचा पहिला आराखडा जवळजवळ नेहमी असाच येतो: चार व्हिडिओ. एक अर्थाचा, एक कारणांचा, एक पद्धतींचा, एक उदाहरणांचा, शेवटी दहा बहुपर्यायी प्रश्न. अभ्यासक्रमाची ओळच कापून चार तुकडे केलेत, एवढंच. इथे एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत सोडायचा नाही: युनिट संपल्यावर विद्यार्थ्याने तुमच्यासमोर काय करून दाखवलं की तुम्ही म्हणाल, याला जमलं? पहिलं उत्तर ‘समजलं पाहिजे’. समजलेलं दिसत नाही. दुसरं उत्तर ‘व्याख्या सांगता आली पाहिजे’. व्याख्या गाइडमध्ये आहे. अर्धा तास घासाघीस झाली की असं काहीतरी हाती लागतं: गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्याने 1 ऑक्टोबरला एक लाखाचं यंत्र घेतलं, घसारा दहा टक्के, खाती 31 मार्चला बंद होतात, तीन वर्षांचा घसारा दोन्ही पद्धतींनी काढ आणि कोणत्या पद्धतीत कोणत्या वर्षी नफा जास्त दिसेल ते त्याला समजेल अशा भाषेत लिही.

हे झालं अंतिम काम. आता त्याच्या मागे मागे चालत यायचं. सारखा घसारा काढायच्या पद्धतीत पहिल्या वर्षी सहा महिन्यांचे 5,000, मग दोन वर्षं 10,000 प्रत्येकी, तिसऱ्या वर्षाअखेर यंत्राची किंमत 75,000. उरलेल्या किमतीवर काढायच्या, म्हणजे वर्गात ज्याला सगळे डब्ल्यूडीव्ही म्हणतात त्या पद्धतीत 5,000, मग 95,000 वर 9,500, मग 85,500 वर 8,550. शेवटी उरतात 76,950. एवढं करायला विद्यार्थ्याला नेमकं काय यायला हवं? तारखेवरून महिने मोजणं, दरवर्षी कोणत्या आकड्यावर टक्के काढायचे ते ओळखणं, आणि घसारा वाढला की नफा कमी दिसतो हा संबंध. तीनच गोष्टी. चार व्हिडिओंच्या आराखड्यात या तिन्हींपैकी एकीलाही स्वतंत्र जागा नव्हती.

प्रश्न कसे काढायचे हे या प्रशिक्षणातलं सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम. वरच्याच उदाहरणावर एक प्रश्न: डब्ल्यूडीव्हीने दुसऱ्या वर्षाचा घसारा किती? पर्याय म्हणून मनाला येईल ते आकडे टाकायचे नाहीत. 9,500 हे बरोबर उत्तर. 10,000 ठेवा, कारण जो विद्यार्थी अजून मूळ किमतीवरच टक्के काढतोय त्याचं तेच येईल. 9,000 ठेवा, ज्याने तारीख न बघता पहिल्या वर्षी पूर्ण दहा हजार वजा केले, तो इथे पोचतो. 4,750 ठेवा, दुसऱ्या वर्षीही सहाच महिने धरणारा. आता मुलाने 9,000 वर टिचकी मारली की स्क्रीनवर ‘चूक’ असं न येता असं यावं: ‘यंत्र कोणत्या तारखेला घेतलं ते पुन्हा बघ. 31 मार्चपर्यंत ते किती महिने चाललं?’ मूडलच्या क्विझमध्ये प्रत्येक पर्यायाला असा वेगळा अभिप्राय लिहिता येतो. हे एकदा लिहून ठेवलं की रात्री अकरा वाजता, तुम्ही झोपलेले असताना, शंभर मुलांपैकी प्रत्येकाला त्याच्या त्याच्या चुकीवर बोट ठेवणारं वाक्य मिळतं. माझ्या दृष्टीने ऑनलाइन शिकवणं म्हणजे मुख्यतः हे. व्हिडिओ त्यानंतर.

आणि इथेच ज्येष्ठ प्राध्यापकांची गरज लागते. ‘मला ते कॉम्प्युटरचं काही जमत नाही’ म्हणून मागच्या बाकावर बसलेल्या सरांना मूडल शिकवायच्या मागे लागू नका. त्यांनी पंचवीस वर्षं विद्यापीठाचे पेपर तपासलेत. मुलं कुठे आणि कशी चुकतात हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी ते सांगतील. त्यांना एकच काम द्या: या युनिटमध्ये मुलं करतात त्या दहा चुका लिहून द्या, आणि तशी चूक करणाऱ्या मुलाला तुम्ही काय म्हणता तेही. जोडीतला तरुण सहकारी ते मूडलवर चढवेल. जोड्या लावताना हाच हिशोब ठेवा. दोन तंत्रस्नेही तरुणांची जोडी दिसायला छान युनिट बनवते. त्यातले प्रश्न मात्र पोकळ असतात.

व्हिडिओ किती मोठा असावा, हे हमखास विचारलं जातं. 2014 मध्ये एडएक्स या अमेरिकी ऑनलाइन व्यासपीठावरच्या कोर्सेसवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिडिओ बघण्याच्या 69 लाख नोंदी तपासून त्यात असं दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतात. तेव्हापासून ‘सहा मिनिटं’ हा मंत्र झालाय. पण ते अमेरिकी विद्यापीठांचे मोठे खुले कोर्स होते, कोणीही यावं आणि कधीही सोडून जावं असे. परीक्षेला बसणारा तुमचा विद्यार्थी जास्त वेळही बसेल, त्याला कारण असलं तर. मिनिटं मोजण्यापेक्षा मी एवढंच म्हणतो: एका व्हिडिओत एकच गोष्ट, आणि मध्ये किमान एकदा विद्यार्थ्याच्या हातात पेन गेलं पाहिजे.

ही दुसरी गोष्ट, म्हणजे विद्यार्थ्याच्या हातात पेन देणं, आयआयटी मुंबईत फार नीट विचार करून बसवली गेली आहे. तिथे सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थिकेंद्री मूकचा, म्हणजे कोणालाही खुल्या असलेल्या मोठ्या ऑनलाइन कोर्सचा, एक आराखडा तयार केला. त्यातल्या व्हिडिओंना ते ‘लर्निंग डायलॉग’ म्हणतात. बोलता बोलता एका जागी थांबायचं, प्रश्न टाकायचा, ‘व्हिडिओ थांबवा, उत्तर कागदावर लिहा, मग पुढे चला’ असं सांगायचं; आणि पुढे गेल्यावर मुलांनी काय काय लिहिलं असेल याचा अंदाज धरूनच बोलायचं. याच मंडळींनी देशभरातल्या कॉलेज प्राध्यापकांसाठी ऑनलाइन आणि मिश्र अध्यापनाच्या एफडीपी आयआयटीबॉम्बेएक्स या आयआयटी मुंबईच्या ऑनलाइन व्यासपीठावर घेतल्या, त्याही याच पद्धतीने. तुमच्या लोकांना बारा वक्ते ऐकवण्यापेक्षा हा एक आराखडा नीट वापरायला लावा.

घसाऱ्याच्या युनिटला शेवटी दोनच व्हिडिओ लागतात. एक सात-आठ मिनिटांचा: स्टँडला मोबाइल उलटा टांगलेला, खाली कोरा कागद, हात आणि पेन दिसतंय आणि सर आकडेमोड करत बोलतायत. चेहरा दिसायची गरज नाही. दुसरा तीनेक मिनिटांचा, दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून नफ्याची तुलना. अर्थ आणि कारणं एका पानाच्या मजकुरात बसतात. हा मजकूर मात्र पाठ्यपुस्तकातून उचलून पीडीएफ केलेला नको, आणि कागदाचा फोटो काढून केलेला पीडीएफ तर मुळीच नको. तो मोबाइलवर वाचवत नाही, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला त्यात अक्षर दिसतच नाही, नुसतं चित्र दिसतं.

वाचणाऱ्याशी बोलणारा मजकूर लिहिणं हे कौशल्य आपल्याकडे नवीन नाही. नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये सुरू झालं, राम ताकवले तिथले पहिले कुलगुरू. शिक्षक समोर नसताना पुस्तकानेच शिकवायचं, म्हणजे मध्ये थांबून प्रश्न विचारायचा, उत्तर ताडून बघायला लावायचं, ही शिस्त मुक्त विद्यापीठांच्या स्वयं-अध्ययन साहित्यात इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून आहे. तुमच्या ग्रंथालयात किंवा जवळच्या अभ्यासकेंद्रात त्यांची पुस्तकं असतील. एखादं आणून प्राध्यापकांसमोर ठेवा आणि नेहमीच्या पाठ्यपुस्तकातलं त्याच विषयाचं पान शेजारी ठेवा. ऑनलाइन मजकूर कसा लिहावा यावरच्या दोन तासांच्या सत्रापेक्षा या दोन पानांवरची पंधरा मिनिटांची चर्चा जास्त काम करते.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. एकच निवडा. मूडल 2002 पासून आहे, फुकट आहे, पण त्याला सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. तो नसेल तर गुगल क्लासरूम आणि फॉर्म्सवर भागवा. फक्त फॉर्म्समध्ये बरोबर आणि चूक असे दोनच अभिप्राय देता येतात, पर्यायागणिक वेगळे नाहीत, हे ध्यानात असू द्या. मूडल वापरायचं शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, छोटे छोटे, बघत बघत करायचे. त्यासाठी वक्ता बोलावून त्याला मानधन देऊ नका. पॅडलेट, कहूट, मेंटीमीटर वगैरे इतर साधनं या सहा आठवड्यांत दारातच थांबवा.

युनिट मूडलवर चढलं की कॉलेजच्या वायफायवर, स्टाफरूमच्या कॉम्प्युटरवर ते तपासण्यात अर्थ नाही. तीन विद्यार्थी बोलवा, त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच डेटावर उघडायला सांगा आणि जोडीतल्या दोघांनी शेजारी बसून नुसतं बघायचं. बोलायचं नाही, मदत करायची नाही. हे फार अवघड जातं. दुसऱ्याच मिनिटाला सरांचं बोट मुलाच्या स्क्रीनकडे जातं. पण त्या वीस मिनिटांत तीनशे एमबीचा व्हिडिओ, ‘येथे क्लिक करा’ असं लिहूनही न दिसणारं बटण, इंग्रजी सूचना आणि मराठी मजकूर यांची खिचडी, सगळं उघडं पडतं. भाषेबद्दल माझं मत असं की बोलणं आणि समजावणं मराठीत ठेवा, परीक्षेत येणाऱ्या संज्ञा इंग्रजीतही द्या, आणि सूचना फक्त एकाच भाषेत लिहा.

इथवर झालं ते कोर्स तयार करणं. शिकवणं अजून बाकी आहे, आणि बहुतेक प्रशिक्षणं इथे येईपर्यंत संपलेली असतात. साहित्य चढवलं म्हणजे कोर्स झाला असा समज पक्का बसलाय, त्याला 2020 चं वर्षही थोडं कारणीभूत. त्या मार्चमध्ये जे सुरू झालं त्याला चार्ल्स हॉजेस आणि सहकाऱ्यांनी तेव्हाच वेगळं नाव दिलं होतं: आणीबाणीतलं दूरस्थ अध्यापन. ते ऑनलाइन शिक्षण नव्हे, हे लेखाच्या शीर्षकातूनच त्यांनी सांगितलं. पण आपल्या प्राध्यापकांची ऑनलाइनशी ओळख झाली ती त्याच काळात. ‘आवाज येतोय का? स्क्रीन दिसतेय का?’ आणि समोर काळे चौकोन. तो अनुभव मनात ठेवून माणूस पुन्हा या वाटेला येतो तेव्हा तो आधीच कंटाळलेला असतो. हे बोलून मोकळं व्हायला पहिल्या बैठकीत अर्धा तास राखून ठेवा.

शिकवण्याचं पहिलं साधन म्हणजे दर सोमवारचा निरोप. प्रत्येक जोडीकडून तो लिहून घ्या आणि सगळ्यांनी मिळून दुरुस्त करा. सहसा पहिला मसुदा असा येतो: ‘सर्व विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की युनिट दोनचे साहित्य अपलोड करण्यात आले आहे.’ ही नोटीस झाली. हाच निरोप असा हवा: ‘मागच्या आठवड्याच्या क्विझमध्ये निम्म्या जणांनी तारीख न बघता पूर्ण वर्षाचा घसारा काढला. काळजी नको, दरवर्षी होतं हे. या आठवड्यात आधी पहिला व्हिडिओ परत बघा, चौथ्या मिनिटापासून. मग गिरणीचा प्रश्न. रविवारी संध्याकाळपर्यंत टाका. बुधवारी रात्री आठ ते साडेआठ मी ऑनलाइन आहे, अडलं असेल ते घेऊन या.’ काय झालं, काय करायचं, कधीपर्यंत, आणि मी कुठे भेटेन, एवढं त्यात आलं की मुलांना पलीकडे माणूस आहे हे कळतं.

दुसरं, चर्चा. ‘तुमची मतं मांडा’ असा विषय टाकला की पहिला मुलगा चार ओळी लिहितो आणि बाकीचे ‘सहमत’ म्हणतात. मूडलमध्ये प्रश्नोत्तरी फोरमचा एक प्रकार आहे, त्यात स्वतः लिहिल्याशिवाय दुसऱ्यांचं दिसत नाही, तो वापरा. प्रश्न असा विचारा की प्रत्येकाचं उत्तर वेगळंच येईल: आपल्या घरातली किंवा गावातली झिजणारी एक वस्तू घ्या, तिची खरेदी किंमत विचारून या आणि तिला कोणती पद्धत लावाल ते सांगा. ट्रॅक्टर, शिलाई मशीन, झेरॉक्स मशीन, सलूनची खुर्ची, काहीही येतं. प्रत्येकाला उत्तर देत बसू नका. दोन दिवसांनी चार-पाच जणांची नावं घेऊन एकत्र एक प्रतिसाद लिहा. ज्याचं नाव आलं तो पुढच्या वेळी नक्की लिहितो.

अशाच प्रश्नांनी नकलेचाही थोडा बंदोबस्त होतो. पूर्ण होत नाही, हे धरून चाला. क्विझची उत्तरं दहा मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फिरतात, लेखी उत्तरं चॅटजीपीटी लिहून देतो. कॅमेऱ्याची पहारेकरी सॉफ्टवेअरं विकत घेण्यापेक्षा क्विझला गुण कमी ठेवा, प्रयत्न कितीही करू द्या, आकडे प्रत्येकाला वेगळे येतील असं लावा आणि अंतिम कामावर प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं तोंडी विचारा. ‘ही 76,950 कुठून आली?’ या प्रश्नाला उसनं उत्तर टिकत नाही.

तिसरं, गळती. दुसऱ्या आठवड्यात ज्यांनी एकदाही लॉगिन केलेलं नाही त्यांची यादी काढा आणि फोन करा. मेसेज नाही, फोन. कारणं फार साधी असतात: पासवर्ड हरवला, फोन भावाकडे असतो, कापूस वेचणी चालू आहे. यातली निम्मी अडचण दोन मिनिटांत सुटते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर केलेल्या फोनला फारसा अर्थ राहत नाही, मूल मनाने कोर्समधून बाहेर पडलेलं असतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही तरी सांगतो. प्रत्येक विषयाचा ऑनलाइन कोर्स तुमच्याच कॉलेजने कशाला बनवायचा? स्वयम् हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ 2017 मध्ये सुरू झालं आणि यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार विद्यार्थी एका सत्रातले चाळीस टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून घेऊ शकतो. बऱ्याच मूलभूत विषयांचे चांगले कोर्स तिथे आहेत. तिथे तुमच्या प्राध्यापकाचं काम कोर्स बनवण्याचं नसून त्याच्या भोवती शिकवण्याचं आहे: दर आठवड्याला मुलांना एकत्र बसवणं, इंग्रजी व्याख्यानातलं मराठीत उलगडणं, असाइनमेंटची तारीख हुकू न देणं. बारा-चौदांपैकी दोन जोड्यांना हेच काम द्या. ते कमी प्रतीचं आहे असं कोणी म्हणालं तर त्यालाच एक सत्र करायला लावा. स्वतःचं साहित्य तिथेच बनवा जिथे तुमच्याजवळ वेगळं काही आहे: जिल्ह्याचा इतिहास, बोली, तिथलं पीक, तिथली बाजारपेठ.

आता मोबदला, म्हणजे ज्यावर बैठकीत कोणी बोलत नाही ते. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत चार क्रेडिटचा पूर्ण मूक चार भागांत तयार केला तर प्राध्यापकाच्या शैक्षणिक कामगिरीत वीस गुण आहेत, एकेका मॉड्यूलला पाच, समन्वयकाला आठ. पण कॉलेजच्या मूडलवरचं एक युनिट त्यात आपोआप बसतं असं सांगून कोणाला कामाला लावू नका. त्याऐवजी या सहा आठवड्यांत त्या प्राध्यापकांच्या दोन-तीन तासिका दुसऱ्याकडे द्या, प्रवेश समिती आणि स्नेहसंमेलन यांतून त्यांना मोकळं करा आणि हे प्राचार्यांच्या सहीने लेखी द्या. सीएचबीच्या लोकांना तासिकेचे पैसे मिळतात. युनिट बनवायला लागणाऱ्या तासांचे कोणी देत नाही. स्टुडिओचे वाचलेले पैसे इथे घाला. त्यांच्याकडून हे काम फुकट करून घेणार असाल तर त्यांना यात घेऊच नका.

प्रशिक्षण जमलं की नाही हे अभिप्रायाच्या फॉर्मवरून ठरवू नका. चहा चांगला असला तरी तिथे ‘उत्कृष्ट’ येतं. युनिट चाललं का, अंतिम काम किती मुलांनी दिलं, कोणत्या पायरीवर किती जण गळाले आणि दुसऱ्यांदा चालवताना जोडीने काय बदललं, एवढं एका पानावर लिहून घ्या. दुसऱ्यांदा चालवलं नसेल तर तेही लिहा, कारणासकट.

वेळेचं बघा. जूनमध्ये प्रवेशाची धांदल असते, ऑक्टोबर-नोव्हेंबर परीक्षा आणि पेपर तपासणीत जातात. दुसरं सत्र मार्गी लागलं की, म्हणजे साधारण जानेवारीच्या सुरुवातीला, पहिली बैठक घ्या. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत युनिट तयार होतात आणि वार्षिक परीक्षेआधी ती चालवून बघायला दोन-तीन आठवडे हातात राहतात. जोड्यांची नावं डिसेंबरातच जाहीर करा, म्हणजे वेळापत्रकात तासिका बदलून घेता येतील.